लोगोतल्या सात रेषा

३ फेब्रुवारी, सोमवार

आज एक अहवाल परत आला. आकड्यांत चूक नव्हती, ते मी तीनदा तपासले होते. एका वसाहतीच्या टाकीतलं पाणी आमच्या प्रयोगशाळेत तपासलं, पिण्याजोगं निघालं, आणि तसा अहवाल मीच टाइप करून पाठवला. त्याच्यावर वसाहतीच्या सेक्रेटरीने लाल पेनाने लिहून पाठवलंय : ‘वरचं चिन्ह पुसट आहे. अहवाल बनावट असल्याचा संशय येतो. खरा पाठवावा.’

मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. वाटलं, दशांशचिन्ह सरकलं असणार. त्यांनी कागद पुढे सरकवला. म्हणाल्या, “बघ. पाणी खरं, आकडे खरे, आपण खोटे.”

मग म्हणाल्या, “लोगो कुठल्या प्रकारच्या फाइलमध्ये ठेवायचा ते एकदाचं ठरव. एकच प्रकार. एका पानात नियम लिही, म्हणजे सगळे तसंच वापरतील. मार्चअखेरपर्यंत दे.”

३१ मार्चला माझे चाचणीचे सहा महिने पुरे होतात. त्यानंतर एक तर कायम, नाही तर घरी. मॅडमनी या दोन गोष्टींचा संबंध जोडला नाही. मी जोडला.

घरी सांगितलं तर आत्या म्हणाली, “एवढी शिकलीस ती चित्राला डबी शोधायला?” तसं पाहिलं तर ती बरोबर बोलली. काम तेच आहे.

५ फेब्रुवारी, बुधवार

पुसट का, ते कळलं. गेली अकरा वर्षं प्रत्येक जण मागचा अहवाल उघडतो, त्यातला लोगो उचलतो आणि नव्यात टाकतो. कधी स्क्रीनशॉट काढून, कधी कागद स्कॅन करून. आणि दर वेळी ती जेपीजी फाइल. जेपीजीचा स्वभाव असा, की जतन करताना ती जागा वाचवायला थोडं चित्र खाते. एकदा खाल्लेलं दिसत नाही. अकरा वर्षं उष्ट्याचं उष्टं चाललंय, म्हणून दिसतंय.

आमचा लोगो म्हणजे काचेचा चंबू आणि त्याच्या पोटात पाण्याच्या लाटांच्या रेषा. २०१४ सालच्या अहवालात रेषा सहा आहेत. तीन वर्षांनंतर पाच. आता एक निळा डाग आहे आणि त्याच्याभोवती मुंग्या लागल्यासारखे ठिपके.

मूळ किती होत्या? मी सगळ्यांना विचारत फिरले. मोठे साहेब म्हणाले, “असतील चार-पाच.” पंचवीस वर्षांची संस्था, आणि आपल्या चिन्हात काय आहे ते कुणाला सांगता येत नाही. दाराशी पितळी पाटी आहे, पण ती रोज घासून घासून चंबूसुद्धा गुळगुळीत झालाय.

११ फेब्रुवारी, मंगळवार

रिबन काकांकडे सापडला! काका आमच्या विभागातले सगळ्यांत जुने टायपिस्ट. टाइपरायटरच्या काळात रुजू झाले, म्हणून हे नाव. त्यांच्या तळच्या खणात, डोकेदुखीच्या मलमाच्या बाटल्यांखाली, पहिल्या वर्षी छापून घेतलेल्या पत्रकागदाचा एकच कोरा कागद होता.

“राजीनामा लिहायला ठेवला होता,” काका म्हणाले. “दर वर्षी काढायचो, पण कागद इतका चांगला, की वाया घालवायचं जिवावर यायचं.”

“मग आता मला देताय?”

“आता मला लिहावा लागायचा नाही. घे बाळ.”

त्यांना निवृत्तीला अजून दोन वर्षं आहेत. थट्टेची सवयच आहे त्यांना.

भिंगाखाली धरून रेषा मोजल्या. सात. पुन्हा मोजल्या. सातच.

१६ फेब्रुवारी, रविवार

लोगो रेषांमध्ये नव्याने काढावा लागणार. संगणकावर बिंदू ठेवत ठेवत. पण कागदावरचा लोगो नखाएवढा, त्यातून नेमकं वळण कसं पकडायचं? बाबांना विचारलं.

बाबा बोर्ड रंगवायचे. दुकानांचे, दवाखान्यांचे, शाळांचे. शाळेच्या फाटकावर त्यांनी आठ-दहा वेळा नाव रंगवलं, पण फाटकाच्या आत कधी गेले नाहीत. त्यांना अक्षरं वाचता येत नाहीत, काढता येतात. प्रत्येक अक्षर त्यांच्यासाठी एक चित्र आहे. गिऱ्हाइकाने कागदावर लिहून दिलं, की ते भिंतीवर हुबेहूब उतरवायचे. मी तिसरीत गेल्यापासून वाचून तपासायचं काम माझं होतं. घरात वाचणारी पहिली मीच.

एक गोष्ट इथे लिहून ठेवते, कुणाला सांगितलेली नाही. मी आठ वर्षांची असताना बाबांनी एका दवाखान्याचा बोर्ड रंगवला. मी एकेक अक्षर बोट ठेवून वाचलं आणि म्हटलं, “बरोबर आहे.” खालचा बाण उलटा होता. दोन दिवस आजारी माणसं लाकडाच्या वखारीत जाऊन उभी राहत होती. बाबांना सगळा बोर्ड पुन्हा करावा लागला, फुकट. मला रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “तुला अक्षरं बघायला सांगितली, तू अक्षरं बघितलीस.” तेव्हापासून मी सगळं तीनदा बघते. बाबांना जे वाचून दाखवते ते जसंच्या तसं, कानामात्रा न बदलता. वाईट असलं तरी. हा माझा नेम आहे.

आज बाबांनी कागदावर बारीक चौकटी आखल्या, तशाच मोठ्या चौकटी जुन्या पुठ्ठ्यावर आखल्या आणि एकेक चौकट करत लोगो वाढवला. पेन्सिल धरलेला उजवा हात डाव्या हाताने दाबून धरत होते. दोन वर्षांपूर्वी ती थरथर सुरू झाली आणि ब्रश सुटला. तिसऱ्या रेषेला म्हणाले, “सगळ्या सारख्या नाहीत गं. वरची जाड आहे, खाली खाली बारीक होत गेल्यात. ज्यानं काढलं त्याला पाणी माहीत होतं.”

मी भिंगातून पाहूनही हे मला दिसलं नव्हतं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

लोगो तयार. संगणकावर एकशे बारा बिंदू ठेवले. आता तो चार प्रकारांत जतन करून चार अहवालांत टाकला आणि चारही छापून भिंतीवर लावले. बाबांचा नियम : बोर्ड रस्त्यापलीकडून बघायचा. म्हणून दाराबाहेर पॅसेजमध्ये जाऊन बघितले.

जेपीजी : नव्या लोगोलाही कडेला मुंग्या. शिवाय पाठीमागे पांढरा चौकोन, तो अहवालाच्या करड्या पट्टीवर ठिगळासारखा दिसतो. बाद.

पीएनजी : चित्र खात नाही, पाठीमागचा भाग पारदर्शक राहतो. पण मुखपृष्ठासाठी मोठा केला, की रेषांना पायऱ्या पडतात.

एसव्हीजी : हे चित्रच नव्हे, चित्र काढायची कृती आहे. इथून निघ, एवढं वळ, तिथे थांब. म्हणून कितीही मोठं करा, दर वेळी नव्याने काढल्यासारखं स्वच्छ.

ईएमएफ : हेही रेषांचंच, पण जुन्या वळणाचं.

मला एसव्हीजी फार आवडली. बाबा असेच काम करतात, कृती डोक्यात ठेवून. मनात ठरवून टाकलं. मग भीती वाटली, आवडलं म्हणून ठरवलं की बरोबर आहे म्हणून?

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आवडलं म्हणून. दुसऱ्या मजल्यावरच्या जुन्या संगणकांवर एसव्हीजी उघडतच नाही. लोगोच्या जागी नुसती रिकामी चौकट. त्या मजल्यावरून रोज तीस अहवाल बाहेर पडतात.

संगणक बघणारा प्लग आला. कसलीही तक्रार घेऊन गेलं, की ‘प्लग काढून परत लावा’ म्हणतो, म्हणून प्लग.

“प्रोग्राम जुना आहे ताई. नवा टाकला की दिसेल.”

“मग टाका ना.”

“आता? आता कशाला टाकतायत!” असं बोलून तो एकदम टेबलाखाली शिरला. बऱ्याच वेळाने आतून आवाज आला, “प्लग काढून बघू का?”

४ मार्च, मंगळवार

ईएमएफ. दुसऱ्या मजल्यावर दिसली, आमच्याकडे दिसली, प्रिंटरवर सुंदर आली. मी तीन दिवस सोळा संगणकांवर बसून पाहिलं. आज मॅडम मला मोठ्या साहेबांकडे घेऊन गेल्या. साहेबांनी खिशातून फोन काढला आणि अहवाल तिथे उघडला.

चंबू काळा ठिक्कर. लाटा गायब.

साहेब म्हणाले, “हे काय, डांबर तपासता वाटतं?” मॅडम हसल्या. मीही हसले. बाहेर येऊन जिन्यात उभी राहिले. सोळा संगणक पाहिले, एक फोन पाहिला नाही. अक्षरं बघायला सांगितली, अक्षरं बघितली.

५ मार्च, बुधवार

आज काही केलं नाही. अहवाल टाइप केले. रेषा डोळ्यांसमोरून जात नाहीत.

१० मार्च, सोमवार

शेवटी पीएनजी. जिला मी दुसऱ्या दिवशीच विसरले होते ती. सगळीकडे दिसते, कुणाला दगा देत नाही, फार कुणाला आवडत नाही. आत्या म्हणते तसं, दुरून डोंगर साजरे, चूल पेटते ती जवळच्या काटक्यांनी.

एक खोड सापडली. आमचा टाइप करायचा प्रोग्राम फाइल जतन करताना चित्रं गुपचूप लहान करतो. म्हणजे तुम्ही स्वच्छ लोगो टाका, तो रोज थोडा मळवून ठेवणार. ते बंद करायचा पर्याय आत चार दारं ओलांडल्यावर आहे. आज संध्याकाळपर्यंत आमच्या मजल्यावरचे सगळे संगणक फिरून तो बंद केला. काका म्हणाले, “भुतं काढत फिरल्यासारखी फिरतेयस.”

नियम असा : मूळ प्रत एसव्हीजीत, एका जागी, तिला कुणी हात लावायचा नाही. कागदपत्रांत टाकायला, जिथे जेवढी लागेल तेवढ्याच मापाची, तिच्यातूनच काढलेली पीएनजी. जुन्या अहवालातून उचलायची नाही. जेपीजी कुठेही नाही.

एकच प्रकार ठरव म्हणाल्या होत्या. मी दोन लिहिलेत. चालेल का?

१४ मार्च, शुक्रवार

चाललं. मॅडमनी पान वाचलं, बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, “तू फार मनापासून करतेस गं. इतकं नको करूस.”

मी विचारलं, “काही चुकलं का?”

“चुकलं नाही, म्हणूनच म्हणतेय.”

याचा अर्थ मला नीट लागला नाही. बहुतेक तब्येतीची काळजी म्हणून.

मग त्यांनी एक काम दिलं. नव्या लोगोत पहिल्यांदा एका पत्राचा नमुना करायचा. नाव आणि हुद्दा यांची जागा मोकळी, यादी जोडली की एकेचाळीस पत्रं आपोआप निघाली पाहिजेत. मजकूर मॅडम स्वतः नंतर टाकणार आहेत. मी विचारलं, मजकूर किती ओळींचा, म्हणजे तेवढी जागा सोडते. म्हणाल्या, “सोड अर्धं पान.”

हजेरीपटावर आम्ही त्रेचाळीस. साहेब आणि मॅडम स्वतःला काही पत्र देणार नाहीत, म्हणजे एकेचाळीस बरोबर जुळतं. सगळ्यांनाच पत्र! एप्रिलमध्ये संस्थेला पंचवीस वर्षं पूर्ण होतात. आभाराचं असणार. त्यातच मला ‘कायम’ म्हणून लिहून येईल का? वेगळं पत्र असेल का? काकांना विचारलं.

काका म्हणाले, “बाळ, मी या खोलीतून तीन यंत्रं जाताना पाहिली. प्रत्येकाला न्यायच्या आदल्या आठवड्यात तेल घातलं होतं.”

हा माणूस सरळ बोलेल तर शपथ.

१९ मार्च, बुधवार

दोन माणसं आली होती. टेबलं, खुर्च्या, कपाटं, सगळ्यांवर आकड्यांचे स्टिकर चिकटवून गेली. माझ्या खुर्चीचा आकडा २०७. चिकटवणारा जिभेचं टोक बाहेर काढून अगदी सरळ रेषेत चिकटवत होता. म्हटलं चला, कुणीतरी आपल्यासारखं आहे. बहुतेक रंगकाम निघणार असेल, सामान हलवल्यावर गोंधळ नको म्हणून.

दुसऱ्या मजल्यावरचे चार संगणक आज खाली गाडीत गेले. नवे येणार असतील तर मग एसव्हीजी चालेल! नियमाच्या पानावर एक ओळ वाढवून ठेवली.

२१ मार्च, शुक्रवार

नियमाच्या पानावर साहेबांची सही झाली. सही करताना ते फोनवर बोलत होते, पान वाचलं नाही. तरी सही ती सही.

घरी येताना बाबांसाठी छापील नमुना आणला. त्यांनी तो भिंतीला लावला, अंगण ओलांडून कुंपणाशी गेले आणि तिथून पाहिला. म्हणाले, “इथनं सात दिसतात.”

२८ मार्च, शुक्रवार

दुपारी चार वाजता शिपायाने प्रत्येकाच्या टेबलावर लिफाफा ठेवला. मी उघडला आणि आधी लोगो पाहिला. खरं ते लिहिते. आधी लोगोच पाहिला. कागदाच्या डाव्या कोपऱ्यात, स्वच्छ, कडा धारदार, सातही रेषा वेगळ्या, वरची जाड, खालची केसासारखी. कुणी ताणला नव्हता, कुणी मळवला नव्हता. मला आनंद झाला. मग वाचलं.

संस्था एका मोठ्या संस्थेत विलीन होत आहे. एक एप्रिलपासून हे कार्यालय बंद. सदर बोधचिन्ह त्या तारखेपासून कोणत्याही कागदपत्रावर वापरू नये. चाचणी काळातील कर्मचाऱ्यांची सेवा ३१ मार्चच्या कार्यालयीन वेळेनंतर आपोआप संपुष्टात येईल. आपल्या सहकार्याबद्दल आभार.

मजकूर बरोबर अर्ध्या पानात बसला होता. मी सोडलेल्या जागेत.

काकांनी त्यांचं पत्र उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, “छपाई उत्तम आहे हो. वाया घालवायचं जिवावर येतं.” मग चष्मा काढून पुसत बसले. त्यांची दोन वर्षं राहिली होती आणि त्यांना माहीत होतं. मॅडमना माहीत होतं, प्लगला माहीत होतं. टेबलाखाली शिरला तो त्यासाठी.

मी मॅडमच्या दाराशी गेले. त्या उठून उभ्या राहिल्या, जणू मी कुणी मोठी आहे. म्हणाल्या, “मला सांगायची मुभा नव्हती गं.”

मी काय विचारलं? “मॅडम, नियमाचं पान नव्या संस्थेकडे पाठवायचं का?”

त्या म्हणाल्या, “पाठव.”

२८ मार्च, पुढे

हे वेगळं लिहिते, कारण हे माझं आहे, ऑफिसचं नाही.

घरी पोहोचले तर बाबा ओट्यावर बसले होते. पत्र येणार हे मीच सांगून ठेवलं होतं, दहादा. हातातला लिफाफा त्यांना लांबूनच दिसला. कागद घेतला, आधी लोगो पाहिला. तेही आधी लोगोच पाहतात. बोटाने हवेत मोजल्या. “सात.” मग कागद मला परत दिला. “वाच.”

आत्याही ओला हात पदराला पुसत येऊन बसली.

मी वाचलं. “आपणांस कळविण्यास आनंद होतो, की आपले सहा महिन्यांचे काम पाहून…” कुठून शब्द आले माहीत नाही. कागदावर नजर ठेवून मी ओळीमागून ओळ वाचत गेले. जिथे कागदावर ओळ संपत होती तिथे थांबत होते, नाही तर बाबांना शंका आली असती. त्यांना ओळी दिसतात ना. शेवटचं ‘आपल्या सहकार्याबद्दल आभार’ तेवढं खरं वाचलं.

आत्या म्हणाली, “बघ, चित्राची डबी कामाला आली.” आणि रडायला लागली.

बाबा म्हणाले, “पत्र मी ठेवतो.”

सोळा वर्षांत बाबांना एक अक्षर खोटं वाचून दाखवलं नव्हतं.

३१ मार्च, सोमवार

शेवटचा दिवस. सोळा अहवाल राहिले होते, सगळे केले. नव्या लोगोत. उद्यापासून तो वापरायचा नाही, पण आज वापरायचा नाही असं कुठे लिहिलेलं नाही.

नव्या संस्थेकडून सगळ्यांना एक मेल आला, ‘आमच्या परिवारात स्वागत’. चुकून आम्हालाही. वर त्यांचा लोगो : जेपीजी, आडवा ताणलेला, मागे पांढरा चौकोन, कडेला मुंग्याच मुंग्या. मी नियमाचं पान जोडून पाठवलं. क्षणात उत्तर आलं : ‘आपला संदेश मिळाला. कृपया या पत्त्यावर उत्तर देऊ नये.’

मूळ एसव्हीजी संगणकावर कुठल्या फोल्डरमध्ये ठेवली आहे ते कागदावर लिहून मॅडमच्या टेबलावर ठेवलं. कुणाला लागेल ते माहीत नाही. २०७ नंबरची खुर्ची आत सरकवून ठेवली.

काकांना तो जुना पत्रकागद परत करायला गेले तर म्हणाले, “ठेव तुझ्याकडे. राजीनामा द्यायला आधी नोकरी लागते, ती तुला लागेल. मला आता कुठली?”

१ एप्रिल, मंगळवार

रोजच्याप्रमाणे निघाले. डबा घेतला. वाचनालयात दिवसभर बसले, तीन ठिकाणी अर्ज लिहिले. एका अर्जात ‘अनुभव’ या रकान्यात काय भरायचं कळेना. लिहिलं, ‘बोधचिन्हाच्या फाइलचा प्रकार निश्चित केला.’ खोडलं. सहा वाजता घरी.

३ एप्रिल, गुरुवार

आत्या सहज बोलता बोलता म्हणाली, “तुझे बाबा परवाच्या शनिवारी पत्र घेऊन औषधवाल्याकडे गेले होते. मिरवायला.”

मी हातातला तांब्या खाली ठेवला. औषधवाला शिकलेला आहे, लोकांना चिठ्ठ्या वाचून दाखवतो. मी विचारलं, “मग काय म्हणाले आल्यावर?”

“काय म्हणणार? जेवले नाहीत नीट. आनंदानं माणसाचं पोट भरतं.”

मी हळूच बाबांना विचारलं, औषधवाल्याने पत्र पाहिलं का. ते म्हणाले, “बघितलं. अक्षर सुंदर आहे म्हणाला.” एवढंच. दुकानात गर्दी असेल. त्याने वरवर पाहिलं असेल, नाही तर चष्मा घरी विसरला असेल. त्याने वाचलं असतं तर बाबा मला बोललेच असते. देव पावला म्हणायचं.

७ एप्रिल, सोमवार

आश्चर्य. बाबांनी ब्रश काढलेत. दोन वर्षं माळ्यावर होते. रॉकेलमध्ये भिजवून, केस मोकळे करून, एकेक पुसून ओळीने ठेवले. औषधवाल्याच्या ओळखीचा एक दातांचा डॉक्टर आहे, त्याचा छोटा बोर्ड मिळालाय म्हणे. मी म्हटलं, “बाबा, आता कशाला? हात थरथरतो तुमचा. मी आहे ना कायम.”

म्हणाले, “बसून अंगाला गंज चढतो.”

माझ्या नोकरीचा त्यांना किती हुरूप आलाय! जिवाला फार लागलं.

निघताना त्यांनी मला एक लहान गादी दिली, शिडीवर बसताना घ्यायचे ती, धुऊन वाळवलेली. “ने. दिवसभर लाकडी बाकावर बसून पाठ जाते.” ऑफिसात आम्हाला गादीच्या खुर्च्या होत्या हे त्यांना कुठून माहीत असणार? ते कधी आलेच नाहीत. वाचनालयात मात्र तिचा उपयोग झाला.

११ एप्रिल, शुक्रवार

तीन अर्जांपैकी दोघांचं उत्तर आलं, नकार. तिसऱ्याचं आलं नाही.

आज सकाळी बोर्ड पुरा झाला. बाबांनी तो कुंपणाला टेकवून ठेवला आणि मला हाक मारली. आत्या मागे उभी होती, पण काही बोलली नाही. ती अशी गप्प कधी राहत नाही.

मी जवळ गेले. अक्षरांच्या कडा कापल्यासारख्या झाल्या होत्या. जिथे हात थरथरला तिथे रंग बाहेर आला होता, तो त्यांनी पुसून घेतला होता, तरी ठिपके राहिले होते. रेषेच्या कडेला मुंग्या. खाली बाण होता. तोही थरथरला होता.

“जवळून बघू नकोस,” बाबा म्हणाले. “रस्त्यापलीकडनं बघ.”

मी रस्ता ओलांडून गेले. तिथूनही दिसत होतं. मी अक्षरं वाचली, बोट ठेवल्यासारखी, एकेक. मग बाण पाहिला. मग तो कुठल्या भिंतीवर लागणार, दवाखान्याचं दार कुठल्या बाजूला, ते विचारून घेतलं आणि पुन्हा पाहिला. दिशा बरोबर होती. पण हा बोर्ड डॉक्टर घेईल असं मला वाटत नाही. घेतला तरी पुढचा देणार नाही.

बाबा पलीकडे उभे होते. उजवा हात डाव्या हातात धरून. त्यांनी ओरडून विचारलं, “बरोबर आहे ना?”

मी म्हटलं, “बरोबर आहे.”

मी परत येईपर्यंत ते ब्रश पुसायला लागले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, “मग झालं. डबा घे. ऑफिसला उशीर होईल.”